नेत्रज्योतीचा इतिहास आणि ‘पिकू द्या’ची चूक

‘मोतीबिंदू आहे, अजून पिकू द्या’ हे वाक्य आपल्या समाजातील जुन्या पिढीने केव्हा ना केव्हा ऐकलेले आहे. घरोघरी वडीलधाऱ्यांना हा सल्ला दिला गेला आणि तो आपण वेदवाक्य मानून पाळला. मी वैद्यकशास्त्राचा जाणकार नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी आहे. परंतु या वाक्यापायी आमच्या घरी जे घडले, त्यानंतर डोळ्यांविषयी जे मिळेल ते मी वाचत आलो. हा सल्ला कोठून आला, एकेकाळी तो योग्य का होता आणि आज तो घातक का ठरतो, हे आपल्यासमोर मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

दृष्टीचे कोडे

डोळा पाहतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न फार प्राचीन आहे. डोळ्यातून किरण बाहेर पडून वस्तूला जाऊन भिडतात, असे ग्रीक गणिती युक्लिड मानत असे. आपल्याकडे न्यायदर्शनाचेही मत असेच होते. जैन आचार्यांनी मात्र चक्षुरिंद्रियाला ‘अप्राप्यकारी’ म्हटले. त्वचा, जिव्हा, घ्राण आणि श्रोत्र ही इंद्रिये विषयाला भिडून ज्ञान घेतात. चक्षू आणि मन भिडत नाहीत, हा विचार तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात येतो. त्यालाच आधुनिक विज्ञान म्हणावे, असा माझा दावा नाही. परंतु डोळ्यातून काही बाहेर जात नाही, हे आपल्या आचार्यांनी आग्रहाने मांडले, याची नोंद घ्यावीशी वाटते.

अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न अल-हैथम या अरब विद्वानाने, प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, असे सविस्तर प्रतिपादन केले. सूर्याकडे पाहिल्यास डोळा दुखतो, त्या अर्थी बाहेरून काहीतरी आत येत असले पाहिजे, असा त्याचा साधा पण बिनतोड युक्तिवाद होता. पुढे 1604 साली केप्लरने दाखवून दिले की, डोळ्यातील भिंग हे पाहणारे इंद्रिय नसून केवळ प्रकाश एकत्र आणणारे साधन आहे, आणि खरी प्रतिमा मागच्या दृष्टिपटलावर उलटी उमटते. तेथून सुमारे दहा लाखांहून अधिक तंतूंची एक नस ती वार्ता मेंदूकडे नेते. भिंग आणि ही नस यांतील फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व कथा त्यावरच उभी आहे.

शलाकेपासून कृत्रिम भिंगापर्यंत

मोतीबिंदू म्हणजे भिंग गढूळ होणे. त्यावरील शस्त्रक्रियेचे अतिप्राचीन वर्णन आपल्या सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. शलाका टोचून दृष्टीआडचा अडथळा बाजूला सारावा, मग तुपात भिजवलेला कापूस ठेवून डोळा बांधावा, रुग्णाने शिंकणे, खोकणे टाळावे, इतक्या बारकाईने तेथे सांगितले आहे. या पद्धतीत भिंग बाहेर काढले जात नसे, केवळ मार्गातून हटवले जाई. शेकडो वर्षे जगभर हीच रीत चालली.

1705 साली ब्रिसो या फ्रेंच वैद्याने मृत व्यक्तीच्या डोळ्याची तपासणी करून, मोतीबिंदू म्हणजे भिंगच गढूळ झालेले असते, हे दाखवले. त्यानंतर 1747 साली फ्रान्सच्याच जाक दाव्हिएल यांनी ते भिंग प्रत्यक्ष बाहेर काढले. त्या काळी भूल नव्हती. डोळा बधिर करण्याची सोय 1884 साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांच्या प्रयोगानंतर झाली.

‘पिकू द्या’ या सल्ल्याचे मूळ याच काळात आहे. कच्चा मोतीबिंदू मऊ असतो. तो काढताना त्याचे अंश आत राहून त्रास देत. पिकलेला घट्ट होतो आणि सहज निघतो. शिवाय काढलेल्या भिंगाच्या जागी बसवायला काहीच नव्हते. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा जन्मभर लावावा लागे. म्हणून दृष्टी जवळजवळ जाईपर्यंत थांबणे हेच शहाणपणाचे होते.

ही परिस्थिती लंडनच्या हॅरॉल्ड रिडले यांनी बदलली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्या फुटून त्यांच्या ॲक्रिलिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. हे कण डोळा मुकाट्याने सहन करतो, असे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्याच पदार्थाचे भिंग त्यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, पण अखेर जगाने ते स्वीकारले. 1967 साली अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून लहानशा छेदातून काढण्याची रीत आणली. आता पिकण्याची वाट पाहण्याचे कारणच उरले नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अधिक अवघड झाले.

आपल्या देशात 1976 साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अवघ्या 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या या सत्पुरुषाने त्याच बोटांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. परदेशी भिंग गरिबांना परवडेना, तेव्हा त्यांच्या संस्थेने 1992 साली भिंगांचा कारखानाच उभारला. 1994 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूची मोठी मोहीम झाली. त्यात आपला महाराष्ट्र होता.

आमच्या घरातील प्रसंग

नेमक्या याच काळात, 1992 च्या सुमारास, माझ्या मातुश्री चालताना चौकटीला धडकू लागल्या. ओतताना दूध पातेल्याबाहेर सांडे, पायरी चुके. परंतु पोथीतील अक्षर त्या स्वच्छ वाचत आणि सुईत दोराही ओवत. आम्ही गावात एकांना दाखवले. त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाहून सांगितले, ‘मोतीबिंदू आहे, अजून पिकू द्या.’ अक्षर दिसते आहे म्हणजे मोतीबिंदू कच्चा आहे, असा आम्हीही हिशेब मांडला. मग एक दिवाळी गेली, एक लग्नसराई गेली. दुकान सोडून शहरात जायला मला सवड झाली नाही.

1995 साली मोठ्या रुग्णालयात नेले, तेव्हा उजवा डोळा गेलेला होता. मोतीबिंदू किरकोळ होता. खरा आजार काचबिंदू होता. त्यात बहुधा डोळ्यातील दाब वाढून मागची नस हळूहळू मरत जाते. कापड जसे काठाकडून उसवत यावे, तशी दृष्टी कडेने जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते. म्हणूनच चौकट दिसत नव्हती आणि पोथी दिसत होती. गढूळ भिंग बदलता येते, पण मेलेली नस आजही जिवंत करता येत नाही. डॉक्टरांनी हे सांगितले, तेव्हा मातुश्रींनी माझ्या हातावर हात ठेवला, बोलल्या काहीच नाहीत. पुढे रोजच्या थेंबांनी डाव्या डोळ्याची उरलेली दृष्टी बरीच वर्षे टिकली. तीन वर्षे आधी नेले असते तर, हा विचार मात्र मला आजही सोडत नाही.

आपण काय करावे

चाळिशीनंतर चष्म्याच्या नंबराबरोबर डोळ्यातील दाब आणि मागची नस तपासून घ्यावी. घरात कोणाला काचबिंदू असेल तर भावंडांनी व मुलांनी अधिक दक्ष राहावे. मधुमेही व्यक्तीने, दिसण्यात काही फरक नसला तरी, वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासावे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले थेंब घालू नयेत. स्टेरॉइड असलेल्या थेंबांनीच काचबिंदू होऊ शकतो. मध, तूप, दूध डोळ्यात घालू नये. मुलांना पालेभाज्या, गाजर, पपई द्यावी आणि रोज काही वेळ मोकळ्या उजेडात खेळू द्यावे.

2007 साली मातुश्री निवर्तल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे आम्ही नेत्रदान केले. ज्या डोळ्यांना दिसत नव्हते ते कोणाला काय उपयोगी पडणार, अशी मला शंका होती. परंतु नेत्रदानात केवळ समोरचा पारदर्शक पडदा वापरतात, आणि त्यांचा तो अखेरपर्यंत निर्मळ होता. दोन्ही बुबुळे उपयोगी पडल्याचे पत्र पुढे नेत्रपेढीकडून आले. ते मी दुकानाच्या तिजोरीत जपून ठेवले आहे. गिऱ्हाईक ‘आईचा मोतीबिंदू अजून कच्चा आहे’ असे म्हणाले की, कापड मोजणे थांबवून मी त्याला आधी दाब तपासायला सांगतो.