एक आडनाव, दोन कार्डिनल
१९२८च्या करारानुसार मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावयाचे. एतद्देशीय धर्मगुरूंना त्यात स्थानच नव्हते! ही कोंडी आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स या इंग्रज जेज्वीटांनी फोडली. १९४६ साली सहायक बिशप झालेल्या व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या हाती कारभार सोपवून ते दूर राहिले व १९५० साली त्यांनी राजीनामा दिला. असा त्याग विरळाच. ग्रेशस आर्चबिशप झाले आणि १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल.

त्याच पीठावर २००६ साली ऑस्वल्ड ग्रेशस आले. २००७ साली तेही कार्डिनल झाले आणि २०२५ साली निवृत्त झाले. ‘हे काका-पुतणे का?’ असे भाविक मला विचारतात. परंतु गोव्यात व वसईत बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे वा पाद्रीचे पोर्तुगीज आडनाव मिळे; त्यावरून रक्ताचे नाते ठरत नाही.