विचारल्याशिवाय बोलायचं नाही

गल्ली क्रिकेटमध्ये मला कायम अंपायर करायचे, कारण बॅटिंग यायची नाही. निर्णय दिला की एक टीम अंगावर यायची आणि लेग अंपायर खुशाल आकाशाकडे बघत उभा. त्याचा फार राग यायचा. पुढे बेसबॉलचे जुने सामने बघायला लागलो, तेव्हा कळलं की तिथे नियमच जवळपास असा आहे.

निर्णय ज्याचा, त्याचाच. शंका आली तर तो सोबत्यांना विचारू शकतो. पण त्याने विचारल्याशिवाय दुसऱ्या पंचाने त्याचा निर्णय बदलायला जायचं नाही. पहिलं पाऊल चुकणाऱ्यानेच उचलायचं.

हे किती छान चालतं ते १९ ऑक्टोबर २००४ ला दिसलं. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर यांकीज विरुद्ध बोस्टन रेड सॉक्स, मालिकेतला सहावा सामना. आठव्या इनिंगमध्ये यांकीजच्या अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझने पहिल्या बेसकडे पळताना बोस्टनच्या ब्रॉन्सन अरोयोच्या ग्लोव्हवर हात मारला. चेंडू निसटला, डेरेक जीटर धाव काढून मोकळा. पंच म्हणाला, सेफ. मग सहाही पंच एकत्र जमले, कुणाला कुठून काय दिसलं ते बोलले, आणि निर्णय फिरला. रॉड्रिगेझ आउट, जीटर परत पहिल्या बेसवर. घरचे प्रेक्षक खवळले, पण निर्णय बरोबर होता. बोस्टन ४-२ ने जिंकलं.

त्या सहा जणांत जिम जॉईस होता.

२ जून २०१०, डेट्रॉइट. आर्मांडो गॅलरागाने क्लीव्हलँडचे सलग २६ बॅटर बाद केले होते. आणखी एक, की परफेक्ट गेम. तोवरच्या साऱ्या मेजर लीग इतिहासात असे सामने फक्त २० झाले होते. सत्ताविसावा बॅटर जेसन डोनाल्ड पहिल्या बेसवर स्पष्ट आउट होता. तिथला पंच जॉईस. त्याने सेफ दिला.

त्याने कुणालाच विचारलं नाही, कारण त्याला शंकाच नव्हती. सगळ्यात जवळ तोच उभा होता. बाकीचे तिघे नियमाप्रमाणे गप्प. अशा निर्णयासाठी तेव्हा व्हिडिओची सोयही नव्हती.

सामना संपल्यावर जॉईसने रिप्ले पाहिला आणि रडत गॅलरागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी जॉईस होम प्लेटमागे उभा होता. टीमची यादी त्याच्या हातात द्यायला डेट्रॉइटकडून गॅलरागाच आला. जॉईस डोळे पुसत होता.

२०१४ पासून असे निर्णय न्यूयॉर्कमध्ये व्हिडिओ बघून तपासले जातात. बरंच झालं. पण व्हिडिओला खात्री आणि शंका यांतला फरक कळावा लागत नाही. माणसाला तो कळावा लागतो, तोही सोबत्याकडे वळण्याआधी. त्या लेग अंपायरकडे मी स्वतः किती वेळा वळलो होतो, आठवून पाहिलं. एकदाही नाही.