दार उघडलं की दिवा

फडताळात हात घालायचा तर आमच्या आज्या दुसऱ्या हातात चिमणी धरायच्या. एकीकडे रॉकेल सांडण्याची भीती, दुसरीकडे अंधारात विंचवाची.

आता कपाटाचं दार उघडताच आत दिवा लागतो. ही करामत करणारी एक कळ मुळात स्वयंपाकघरासाठी झालीच नव्हती! १९३६ साली अमेरिकेत, बेल टेलिफोन प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी ती बनवली. काचेच्या बंद नळीत लोखंडाच्या दोन बारीक पात्या. लोहचुंबक जवळ आला की चिकटतात, दूर गेला की सुटतात. नळीत धूळ शिरत नाही. पीठ-मसाल्याच्या कपाटाला आम्हाला हेच मोलाचं वाटतं.

कळ चौकटीला, चुंबक दाराला. पण दुकानात ‘चुंबक दूर जाताच जोडणारी’ कळ मागायची, नाहीतर दार लावल्यावर दिवा लागायचा! फ्रिजमध्ये बहुधा साधं बटणच असतं, दार त्याला दाबून ठेवतं.

दिवा इवलासा झाला तो एलईडीमुळे. लख्ख निळा एलईडी १९९० च्या आगेमागे जपानमध्ये साधला, त्यातून पांढरा उजेड मिळाला; २०१४ चं नोबेल त्याच कामाला. कपाटातला हा दिवा १२ व्होल्टवर चालतो, म्हणून ओल्या हाताला २३० व्होल्टच्या तारेची धास्ती नाही. भारनियमनात लहान बॅटरीवरही लागतो.