अलोंदिगाचं दार

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मध्ये तीन महिने लेकीकडे मेक्सिकोला होते. नाशिकला परतल्यापासून जो तो विचारतोय, "काय काय पाहिलंत?" पिरॅमिड पाहिले, समुद्र पाहिला, फोटो सगळ्यांना पाठवून झालेत. पण लिहावंसं वाटतं ते एकाच दिवसाबद्दल, ग्वानाह्वातो नावाच्या एका डोंगरातल्या गावाबद्दल. (हे नाव लिहिताना मीही तीनदा खोडलं. अर्थ मात्र सोपा आहे. तिथल्या पुरेपेचा भाषेत बेडकांची जागा.)

लेक-जावई केरेतारोला राहतात. तिथून गाडीने दोन-अडीच तास. नोव्हेंबरातला शनिवार होता, बोचरी थंडी होती, आणि डब्यात पोळी-भाजीच्या गुंडाळ्या होत्या. आमचे नातूराव दहा वर्षांचे. तिथल्याच शाळेत जातात, मराठीपेक्षा स्पॅनिश सफाईने बोलतात. गाडीत बसल्या बसल्या त्याने जाहीर केलं, "आजी, आज मी तुला पिपिला दाखवणार. त्याने पाठीवर दगड बांधून दार जाळलं. एकट्याने!" शाळेत नुकताच तो धडा झाला होता.

गाव दोन हजार मीटर उंचीवर, एका अरुंद दरीत कोंबून बसवल्यासारखं. लाल, पिवळी, निळी घरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. आमची गाडी गावात शिरली ती थेट जमिनीखाली! मला वाटलं बोगदा आहे. जावई म्हणाले, "आई, ही पूर्वीची नदी." खरंच, गावाखालून वाहणाऱ्या नदीच्या जुन्या पात्राचा आता रस्ता झालाय. वर दगडी कमानी, कमानींवर घरं. या नदीने गावाला फार छळलं. १७६० ला पूर, १७८० ला पूर, आणि १९०५ च्या जुलैतला तर भयंकर. शेवटी तिला दुसरीकडे वळवली आणि विसाव्या शतकात पात्रातून मोटारी धावू लागल्या. आम्ही गोदाकाठची माणसं, पुराचं आम्हाला नवल नाही, पण नदीच उचलून बाजूला ठेवायची हे काही सुचलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. मी शाळेत सत्तावीस वर्षं इतिहास शिकवला. युरोपच्या धड्यात एक वाक्य यायचं, अमेरिकेतून युरोपात चांदीचा ओघ सुरू झाला. मी मुलांना ते अधोरेखित करायला लावत असे, कारण परीक्षेत हमखास विचारायचे. 'ओघ' म्हटलं की कसं, आपोआप वाहत आल्यासारखं वाटतं. कुठून आला, कुणी आणला, हे मी कधी विचारलं नाही आणि मुलांनीही नाही. तो ओघ इथून आला होता. सोळाव्या शतकाच्या मध्यावर स्पॅनिश लोकांना या डोंगरात चांदी सापडली, आणि अठरावं शतक संपेपर्यंत ग्वानाह्वातो हे जगातलं सर्वांत जास्त चांदी काढणारं ठिकाण झालं.

गावाच्या वरच्या अंगाला वालेन्सियाना म्हणून वस्ती आहे. तिथली खाण सर्वांत मोठी. लेक आणि नातू डोक्यावर हेल्मेट घालून जुन्या खाणीच्या तोंडातून थोडे खाली उतरून आले. माझ्या गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून मी वर चर्चच्या पायरीवर बसून राहिले. हे चर्च १७८८ सालचं. खाणमालक ओब्रेगोन याला राजाने काउंट केलं, त्याच्या पैशातून ते उभं राहिलं. आत तीन वेद्या, वरपासून खालपर्यंत सोन्याचा मुलामा. इतकं सोनं की डोळ्यांना त्रास व्हावा. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. मला मात्र खाणीच्या विहिरीचं तोंड जास्त लक्षात राहिलं. आठ कोनी, रुंद, आणि पाचशे मीटरहून खोल.

१८०३ मध्ये हुम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ इथे येऊन गेला. त्याने जे लिहून ठेवलंय ते मी निघण्याआधी वाचलं होतं. खनिज वर आणणाऱ्या हमालांना तेनातेरो म्हणत. एकेक माणूस सव्वादोनशे ते साडेतीनशे पौंड ओझं पाठीवर घेऊन पायऱ्या चढे. आपल्या हिशेबात शंभर किलोच्या पुढे! आणि अशा किती खेपा दिवसाला.

वर आल्यावर काम संपत नसे. खनिज दळायचं, दगडी अंगणात चिखलासारखं पसरायचं, त्यात मीठ, तांब्याचं क्षार आणि पारा घालायचा. मग खेचरांना त्या राड्यात आठवडेच्या आठवडे गोल गोल तुडवायला लावायचं. पारा चांदीला धरतो. मग तापवून पारा उडवायचा, चांदी उरते. १५५० च्या दशकात पाचुका गावी मेदिना नावाच्या माणसाने ही पद्धत बसवली आणि पुढे साडेतीनशे वर्षं ती चालली. पारा समुद्रापलीकडून स्पेनमधल्या आल्मादेनहून यायचा. त्याची वाफ कुणाच्या छातीत गेली त्याचा हिशेब कुणी ठेवला असेल? खेचरांचा ठेवला असेल कदाचित, ती विकत आणावी लागत.

या चांदीची नाणी पाडली जात, आठ रियालचं एक नाणं. ती युरोपमार्गे आणि मनिलामार्गे जगभर गेली. सुरतेलाही उतरली. तिथल्या टांकसाळीत ती वितळवून मुघलांचे रुपये पाडत. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात जो रुपया सुरतेच्या बाजारात फिरत होता, त्यात मेक्सिकोचे डोंगर होते. माझ्या आजीचे चांदीचे तोडे होते, आईच्या लग्नात मोडून वाळे केले, पुढे त्यांचं काय झालं ठाऊक नाही. चांदीला कुठे कुळी असते! चर्चच्या पायरीवर बसून मी आपली उगाच त्या तोड्यांचा विचार करत होते.

दुपारी ममींचं संग्रहालय बघायचं का, असा प्रश्न निघाला. थडग्याचा कर भरायला कुणी नव्हतं म्हणून उकरून काढलेली माणसं तिकीट लावून बघायची? मी नको म्हटलं. नातू जरा रुसला. तर आम्ही अलोंदिगाकडे गेलो.

अलोंदिगा दे ग्रानादितास म्हणजे धान्याचं कोठार. १७८५ मध्ये अवेळी पडलेल्या हिमाने मका गेला आणि त्यापाठी जो दुष्काळ पडला त्याला तिकडे भुकेचं वर्षच म्हणतात. खाणीच्या गावात शेती नाही, मका बाहेरून यायचा. तशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून रियान्यो नावाच्या इथल्या अधिकाऱ्याने हे कोठार बांधायला घेतलं. १७९८ ते १८०९, अकरा वर्षं लागली. भुईकोट किल्ल्यासारखी दणकट चौकोनी इमारत, बाहेरच्या भिंतींना वाऱ्यापुरती लहान भोकं. रियान्यो वाईट माणूस नव्हता. उलट वाचणारा, सुधारणा करणारा म्हणून त्याचं नाव होतं.

कोठार पूर्ण झालं आणि पुढच्याच वर्षी, १६ सप्टेंबर १८१० ला, जवळच्या दोलोरेस गावात इदाल्गो या पाद्र्याने उठावाची हाक दिली. बारा दिवसांत तो हजारो माणसं घेऊन ग्वानाह्वातोवर आला. रियान्योने शिपाई, गावातले स्पॅनिश व्यापारी, सरकारी खजिना, चांदी आणि अर्थातच धान्य घेऊन कोठारात दार लावून घेतलं. मी आतल्या चौकात उभी होते तेव्हा सारखं हेच मनात येत होतं. भुकेल्यांसाठी बांधलेलं कोठार, आणि आता श्रीमंत आत, भुकेले बाहेर. खाण-कामगारांनी काय केलं? ते डोंगरावरून उतरून इदाल्गोला मिळाले. २८ सप्टेंबरला लढाई झाली. रियान्यो सुरुवातीलाच गोळी लागून पडला. आतल्या लोकांनी वरून बाँब टाकले. कशाचे? पारा यायचा त्या लोखंडी बाटल्यांत दारू ठासून! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. शेवटी लाकडी दार पेटलं, लोक आत घुसले, आणि आतली बहुतेक माणसं कापली गेली. त्यानंतर गावात लुटालूट.

नोव्हेंबरात सरकारी फौज परत आली. ती येण्याआधी जमावाने इथेच कोंडलेले कैदी मारले, आणि फौजेने आल्यावर गावात फाशीचे खांब उभारले. १८११ मध्ये इदाल्गो, आयेंदे, आल्दामा आणि हिमेनेस या चौघांना चिवावा इथे गोळ्या घालून त्यांची मुंडकी इकडे आणली आणि पिंजऱ्यांत घालून कोठाराच्या चार कोपऱ्यांना टांगली. ती १८२१ पर्यंत, म्हणजे दहा वर्षं तिथेच होती. आज त्या कोपऱ्यांवर चौघांची नावं आहेत. खाली मक्याची कणसं भाजून विकणारी बाई बसली होती.

तिथून दोरीच्या गाडीने टेकडीवर, पिपिलाच्या पुतळ्यापाशी. १९३९ चा पुतळा, अवाढव्य, हातात मशाल. खाली कोरलेलं लेकीने वाचून दाखवलं, अजून जाळायची कोठारं बाकी आहेत, अशा अर्थाचं. नातू त्याच्या पायाशी उभा राहून फोटो काढून घेत होता.

आता माझी पंचाईत अशी, की मी थोडं वाचून आले होते. लुकास आलामान हा पुढे मोठा इतिहासकार झाला. तो याच गावचा, खाणमालकांच्या घरातला, आणि त्या दिवशी गावातच होता, सतरा वर्षांचा. तो लिहितो की पिपिला हे नाव ग्वानाह्वातोत कुणाला ठाऊकच नव्हतं. गोष्ट सांगितली ती बुस्तामांते या दुसऱ्या लेखकाने. आलामान उठावाच्या विरुद्ध पक्षातला, त्यामुळे त्याचंही सगळं डोळे मिटून घेता येत नाही. काही जण म्हणतात की तो खरोखरचा खाण-कामगार होता, हुआन होसे मार्तिनेस नावाचा. वाद मिटलेला नाही.

हे दहा वर्षांच्या मुलाला सांगायचं का? फार पूर्वी सातवीच्या वर्गात मी सिंहगड शिकवत होते. घोरपड कड्याला कशी चिकटली ते मी फार रंगवून सांगायची. एका मुलाने हात वर केला, "बाई, घोरपडीला माणसाचं वजन पेलतं का हो?" समकालीन कागदांत घोरपड नाही, ती पोवाड्यातून आली, हे मला तेव्हा माहीत होतं. मी त्याला "खाली बस" म्हटलं. वर्ग हसला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. पुन्हा त्याने वर्षभर हात वर केला नाही.

म्हणून उतरताना मी नातवाला सांगितलं. आलामानबद्दलही, आणि दार जळल्यावर आत काय झालं तेही, अगदी सगळं नाही पण झालं एवढं. तो चिडला. "म्हणजे आमची माएस्त्रा खोटं बोलते?" मी म्हटलं, "नाही रे. दार जळलं ते खरं. कुणीतरी गोळ्यांखालून विस्तव घेऊन तिथवर गेलं तेही खरं. तो एकच होता की दहा, नाव काय, ते नक्की नाही." लेक माझ्याकडे बघत होती, आईने आजच्या दिवशी हे काढायला हवं होतं का, अशा नजरेने. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. अर्ध्या रस्त्यात मागून प्रश्न आला, "पण आजी, पाठीवर दगड घेऊन चालता येतं का?"

मग मी त्याला तेनातेरोंबद्दल सांगितलं. शंभर किलो. त्याला पटेना.

घरी पोचल्यावर त्याने स्वयंपाकघरातून तांदळाची दहा किलोची पिशवी आणली, ओढणीने पाठीला बांधायला लावली आणि जिना चढू लागला. पाचव्या पायरीवर थांबला, कठड्याला धरून.

"आजी, अशा किती?"

"अजून नऊ," मी म्हटलं.