परिचर्येतील मुखस्वच्छता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

रुग्णाचे तोंड स्वच्छ ठेवणे हे परिचर्येतील जुने काम होय. परंतु ते केवळ सुखसोयीचे मानले गेल्याने कामाच्या घाईत सहज मागे पडे. या समजुतीला जपानमधील संशोधनाने छेद दिला. योनेयामा व सहकाऱ्यांनी ११ शुश्रूषागृहांतील वृद्धांचा दोन वर्षे अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेवणानंतर दात घासून दिलेल्या गटात न्यूमोनियाचे प्रमाण ११ टक्के, तर इतरांत १९ टक्के आढळले. तोंडातील जंतू लाळेवाटे फुप्फुसांत उतरतात, हे त्यामागील कारण. २०१५ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ हेबर व सहकाऱ्यांनी डोके, कान, डोळे, नाक, घसा या परंपरागत तपासणीत तोंडाचाही समावेश सुचविला. तात्पर्य, मुखस्वच्छता हा रोगप्रतिबंधक उपचार आहे. रुग्णनोंदीत तिला स्वतंत्र रकाना मिळाला, तरच ती नित्यकर्म ठरेल.