मडगार्ड कोणासाठी?

कोल्हापुरात ‘मला जीप आवडते’ असं वेगळं सांगावं लागत नाही. गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा... ज्या वाटेला जाल तिथं वडापच्या जीपा धावलेल्या. (आत माणसं किती मावतात, हा प्रश्न वडापमध्ये विचारायचा नसतो. :-) )

आमच्या दाजींचीही एक जुनी जीप आहे, सपाट मडगार्डची. दाजी गेले आणि ती भाच्याकडे आली. आता त्याला तिच्यावर ३१ इंच उंच आणि साडेदहा इंच रुंद टायर चढवायचे आहेत. एवढे टायर मडगार्डच्या बाहेर येणार, म्हणून वर ‘फेंडर फ्लेअर’ म्हणजे मडगार्ड रुंद करणाऱ्या पट्ट्या लावायच्या. “मामा, कसल्या पट्ट्या घेऊ?” असा फोन आला. अक्काचं म्हणणं एकच, “काय लावायचं ते लाव, पण त्यांच्या गाडीचा पत्रा कापायचा न्हाई.”

आता मामाला जुन्या गोष्टी उकरायची खोड. तेव्हा उत्तर थेट न देता थोडं मागून सुरुवात करतो.

आपल्या बैलगाडीला मडगार्ड कधीच नव्हतं. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि चाल बैलाची. चिखल चाकाला चिकटायचा आणि तिथंच गळून पडायचा. पुढं उसाच्या गाड्यांना रबरी टायर आले, लोक तिला ‘डनलॉप गाडी’ म्हणू लागले, तरी मडगार्ड आलं नाही. कारण वेग तोच राहिला. चिखल उडतो तो वेगामुळे. चाक जोरात फिरलं की चिकटलेला गोळा सुटून सरळ रेषेत बाहेर जातो, मग समोर कोण आहे हे तो बघत नाही.

घोड्याच्या गाड्यांना मात्र ही अडचण लवकर कळली. टांग्याच्या चाकांवर कमानी आल्या. विलायतेत घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवायला गाडीवानापुढं एक फळी उभी करत, तिचं नाव ‘डॅशबोर्ड’. आज आपल्या मोटारीत ज्यावर गणपती बसवतो, त्या भागाचं नाव मुळात चिखलावरून पडलंय!

मोटारी आल्या तेव्हा चाकांवर स्वतंत्र, मोठ्या कमानी होत्या. कोल्हापूरकरांना हे पुस्तकात बघायची गरज नाही. छत्रपती राजाराम महाराजांची १९३६ सालची मायबाख दसऱ्याच्या सोहळ्यात दसरा चौकात येते, तेव्हा तिची मडगार्डं नीट बघा. चाक त्यांच्या आत बसतं. त्या काळातली ही सगळ्यांत दिमाखदार गाडी, पण चाक बाहेर काढून दाखवायची गरज तिला कधी पडली नाही.

मग आली युद्धातली जीप. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. एवढ्या घाईत गोलाईदार मडगार्ड कोण ठोकत बसणार? सपाट पत्रा, सरळ घडी, काम संपलं. टायर होते ६.००-१६, म्हणजे सहा इंच रुंद आणि १६ इंचाच्या रिमवर बसणारे. त्या सहा इंचाला तो पत्रा पुरेसा होता. स्वातंत्र्यानंतर महिंद्रने मुंबईत याच जीपेची जुळणी सुरू केली आणि तो सपाट पत्रा आपल्या घाटरस्त्यांवर आला.

अमेरिकेत हौशी लोकांनी पुढं जीपांना आणि तशाच गाड्यांना रुंद टायर चढवले. टायर बाहेर आले, चिखल काचेवर आणि शेजाऱ्यावर उडू लागला. १९६९ साली ऑरेगॉनमधल्या पोर्टलंडला ‘बुशवॅकर’ ही फ्लेअर बनवणारी कंपनी सुरू झाली. तेव्हापासून या पट्ट्यांचे दोन मुख्य प्रकार रुळले. एक, चाकाची कमान कापून तिच्या कडेवर बसवायचे. मोठा टायर वर-खाली होताना आणि वळताना घासू नये म्हणून. दुसरा, पत्रा न कापता नुसता बाहेरून जोडायचा. २०२० सालच्या थारला तर कारखान्यातूनच काळ्या कमानी येतात, कारण तिचे टायर २४५ किंवा २५५ मिलिमीटर रुंद आहेत. टायर आणि कमान तिथं एकत्रच ठरलेली आहे.

या सगळ्यातून मला कळलं ते एवढंच, की पट्टी टायरवरून ठरते, आणि टायर कामावरून ठरायला हवा. भाच्याचा हिशेब उलटा चाललाय. :-)

आता आकडे बघू. मूळ सहा इंच, नवा साडेदहा. रिमची मध्यरेषा तीच राहिली तरी टायर बाहेरच्या बाजूला सव्वादोन इंच येतो. रुंद रिम बहुधा बाहेर बसते, म्हणजे आणखी जास्त. शिवाय मागच्या कमानीत ३१ इंची टायर घासण्याची शक्यता, म्हणजे कापाकापी आलीच. उलट २३५/७५ आर १५ घेतला तर रुंदी सव्वानऊ इंच, उंची साधारण २९ इंच, जवळपास मूळ टायरएवढीच. बाहेर येणार दीडेक इंच. त्याला दोन इंची रबरी पट्टी पुरते आणि कमान शाबूत राहते.

उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, “पत्रा एकदा कापला की कापला बघा. परत जोडलासा तरी सांधा दिसतोयच.” आणि एक कामाची गोष्ट सांगितली. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची कड घाला, प्रत्येक भोकाला आधी प्रायमर लावा. नाहीतर गगनबावड्याकडचा पाऊस आणि तांबडी माती त्या फटीत बसते, आणि वरून पट्टी चकाचक दिसत असताना आतून पत्रा गंजतो. फायबरची पट्टी दगड लागला की तडकते, प्लास्टिकची किंवा रबराची वाकते आणि परत येते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून टायर घ्यायच्या आधी आरटीओत विचारायचं, नंतर नव्हे.

भाचा म्हणाला, “मामा, मग रुबाब कसला?” मी म्हटलं, मायबाख बघून ये.

आणि एक, जे मी त्याला फोनवर सांगितलं नाही. मडगार्डचा फायदा आत बसलेल्याला थोडाच होतो. पावसाळ्यात रंकाळ्याच्या कडेनं दुधाच्या कॅना बांधून सायकलवर जाणारा माणूस, शाळेच्या पांढऱ्या ड्रेसमधली पोरं, हे सगळे त्या पट्टीच्या पलीकडे असतात. दाजी पाणी साचलं दिसलं की गाडी हळू करायचे, एवढं मला आठवतं.

सध्या २३५ च्या टायरची चौकशी चालू आहे. पत्रा अजून शाबूत आहे, आणि अक्का खुश आहे.