दुष्काळ नावाचा पुसलेला शब्द

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे केळणा नदीकाठचे गाव. सातवाहनकाळात त्याला भोगवर्धन म्हणत. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची जी नावे कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचीही नावे आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी डॉ. शां. भा. देव आणि डॉ. रा. श्री. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले आणि गाडला गेलेला इतिहास उजेडात आणला. त्याच वर्षी महाराष्ट्र १९७२ च्या भीषण दुष्काळात होरपळत होता. भूतकाळाचा शोध चालू असताना गावोगावची माणसे खडी फोडीत होती, नालाबांध घालीत होती आणि सुकडीवर दिवस ढकलीत होती. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती.

या दुष्काळाच्या अवघी नऊ वर्षे आधी, १९६३ साली, आपल्या राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा करून राज्यातील कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्दच काढून टाकला होता. त्याच्या जागी ‘टंचाई’ हा शब्द घालण्यात आला. शासन पीकपाण्यावर सतत लक्ष ठेवून असते, टंचाईची चाहूल लागताच मदत सुरू होते, तेव्हा दुष्काळ पडण्यास आता वावच उरला नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. हेतू कदाचित चांगला असेल. पण आभाळाने तो कायदा वाचला नव्हता.

आज जगभर हवामानबदल नाकारणाऱ्यांची आणि त्यांना उत्तर देणाऱ्यांची चर्चा चालू आहे. पुष्कळांना ती पाश्चात्त्य देशांतील एक नवी भानगड वाटते. आम्हांस मात्र तिची मुळे आपल्याच मातीत दिसतात. संकटाला नाकारण्याची सुरुवात बहुधा त्याचे नाव नाकारण्यापासून होते, आणि तिला उत्तर मिळते ते ज्यांनी चिकाटीने नोंदी ठेवल्या त्यांच्याकडून.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाचे आहे. भोकरदन तेव्हा निजामाच्या राज्यात होते, मुंबई इलाखा इंग्रजांच्या ताब्यात होता. दुष्काळाने मात्र सरहद्द पाहिली नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारला तिजोरीची चिंता अधिक होती. १८७७ साली त्यांचे दूत सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि थोडी रोकड पुरे, असे ठरविले. दिवसभर कष्टणाऱ्या माणसाने एवढ्यावर जगावे, ही अपेक्षा! मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून तिचा निषेध केला.

त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने जे केले, ते आजही अभ्यासण्यासारखे आहे. १८७० साली स्थापन झालेल्या या सभेचे सूत्रधार गणेश वासुदेव जोशी होते आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे तिला मार्गदर्शन होते. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून पाऊस, पीक, धान्याचे भाव, स्थलांतर आणि मृत्यू यांची माहिती जमविली, सरकारी पत्रकांशी ती ताडून पाहिली आणि एकामागून एक दुष्काळवृत्तान्त सरकारला धाडले. १८७८ साली तिने आपले त्रैमासिकही सुरू केले. त्याच वर्षी सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला, हा योगायोग बोलका आहे.

पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ-संहिता तयार झाली. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्याच संहितेतील तरतुदी शेतकऱ्यांना समजावून दिल्या. सभेचे कार्यकर्ते खेडोपाडी जाऊन सारामाफीचा हक्क लोकांना सांगू लागले. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचेच कागद सरकारपुढे ठेवणे किती झोंबते, हे त्यावरून कळावे.

आता जगाकडे वळू. हवेतील कर्बवायू वाढला तर पृथ्वी तापेल, हे गणित स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडले होते. १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ येथे हा वायू मोजला जात आहे. तेव्हा तो दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता, आज तो ४२० च्या वर गेला आहे. १९८८ साली संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली शास्त्रज्ञांचे आंतरसरकारी मंडळ स्थापन झाले. लगेच १९८९ मध्ये तेल, कोळसा आणि मोटारींच्या उद्योगांनी शंका पेरण्यासाठी आपली आघाडी उभारली. युक्ती नवी नव्हती. ‘शंका हाच आमचा माल’ असे एका अमेरिकन तंबाखू कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात लिहून ठेवलेले पुढे उघडकीस आले.

वृत्तपत्रे या जाळ्यात सापडली ती समतोलाच्या नावाखाली. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ या बंधूंनी १९८८ ते २००२ या काळातील चार प्रमुख अमेरिकन दैनिके तपासली. निम्म्याहून अधिक वृत्तांत शास्त्रज्ञांच्या निष्कर्षाला आणि मूठभर संशयवाद्यांच्या मताला सारखेच वजन दिले होते. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये बीबीसीने आपल्या संपादकांना बजावले, की समतोल साधण्यासाठी हवामानबदल नाकारणाऱ्यास बोलावण्याची गरज नाही. नोंद ठेवणाऱ्यांचा हा उशिरा झालेला विजय होय.

आपल्याकडे नाकारण्याची रीत निराळी आहे. २०१६ साली भारतीय हवामान खात्याने आपल्या शब्दावलीतून ‘दुष्काळ’ शब्द वगळून ‘तुटीचे वर्ष’ असा शब्द स्वीकारला. दुष्काळ जाहीर करणे हे आपले काम नव्हे, हे खात्याचे म्हणणे खरेच होते. पण शब्द आणखी एका दप्तरातून गेला, हेही खरे. त्याच वर्षी ११ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळ मान्य न करणाऱ्या राज्यांवर शहामृगी वृत्तीचा ठपका ठेवला. २०१८ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात आधी ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली आणि आठवड्याभराने ‘दुष्काळ’. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यातील ४० तालुके दुष्काळी ठरले; त्यांत भोकरदनही होते.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक दुष्काळाचे खापर हवामानबदलावर फोडणे हेही सत्याला सोडून होईल. मराठवाड्याला अवर्षण नवे नाही. भूजलाचा बेसुमार उपसा आणि पाण्याचे असमान वाटप ही माणसांचीच करणी आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा जळाल्या, त्यामागे ही कारणेही होती. शास्त्रज्ञांच्या मंडळाने हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असे चुकीचे विधान केले होते. २०१० मध्ये त्याने ती चूक जाहीरपणे कबूल केली. असत्याला उत्तर देणाऱ्याची साक्ष अशीच निर्मळ असावी लागते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रातून सृष्टीच्या जतनाची हाक दिली. ४ ऑक्टोबर २०२३ च्या ‘लाउदाते देउम’मध्ये तर त्यांनी हवामानबदल नाकारणाऱ्यांचे मुद्दे एकेक करून खोडून काढले आणि अशी मते आपल्या ख्रिस्तसभेतही आढळतात, असे खेदाने नमूद केले. खोटी साक्ष न देण्याची आठवी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली आहे. खोटी साक्ष ऐकून गप्प बसणे तिच्यात बसते काय, हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने स्वतःला विचारावा.

करण्यासारखे काम फार मोठे नाही. धर्मग्रामाच्या शाळेत पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवता येते. विहिरीची पातळी महिन्याकाठी वहीत लिहिता येते. हवामानाविषयी काही छापून आले वा फिरत आले, तर हे कोणी म्हटले, कोणत्या मोजमापावर म्हटले आणि त्यात त्याचा काय लाभ, असे विचारता येते. आणि चुकीचे आढळल्यास संपादकांस सभ्य शब्दांत, आकड्यांसह पत्र धाडता येते. फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगून योसेफ थांबला नाही. सुकाळाची सात वर्षे तो कोठारे भरीत राहिला. आपल्या वह्या हीच आपली कोठारे. पुढचा दुष्काळ येईल तेव्हा त्याला त्याच्या नावाने हाक मारण्याचा अधिकार त्या आपल्याला देतील.